क्लाऊडचं बिल: एक्सेल की आर?

महिन्याच्या सुरुवातीला क्लाऊडचं, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचं, बिल येतं आणि पाठोपाठ सांगलीच्या मार्केट यार्डातून आमच्या हळदवाल्या क्लायंटचा फोन: "या खेपेला एवढं कसं काय वाढलं?"

उत्तर तेवढ्या एकाच महिन्यापुरतं हवं असेल तर एक्सेल उघडा. पिव्होट टेबल (गटवार बेरजेचा तक्ता), सेवेनुसार बेरीज, दहा मिनिटांत काम खल्लास.

खरी गंमत वर्षभराचा खर्च बघायचा म्हटलं की सुरू होते. तपशीलवार फाइलमध्ये प्रत्येक सर्व्हरची तासातासाची ओळ असते आणि एक्सेलची शीट १०,४८,५७६ ओळींवर संपते. आर या आकडेवारीसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत मर्यादा संगणकाच्या मेमरीची. लुब्रिडेट, डीप्लायर, जीजीप्लॉट-टू ही आरची तयार पॅकेजेस: लुब्रिडेटच्या फ्लोर-डेटने तारखा महिन्यावर आणायच्या, डीप्लायरने सेवावार बेरीज करायची, जीजीप्लॉट-टूने थरांचा आलेख काढायचा. पुढच्या महिन्यात तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवायची, बस्स.

एकूण खर्चाच्या रेषेत न दिसलेला एक बारीक पट्टा मला त्या थरांत सापडला. चाचणीचे सर्व्हर आम्ही कधीच बंद केले होते, पण त्यांचे डिस्क-स्नॅपशॉट (डिस्कच्या साठवलेल्या प्रती) महिनोन्‌महिने साठत होते. एखाद्या महिन्यात एखाद्या सेवेची नोंदच नसेल तर मात्र थर फसवे दिसतात. टायडीआर या पॅकेजच्या कम्प्लीटने तिथे शून्य भरून घ्या, नाहीतर सरळ स्तंभालेख काढा.

चालू महिना दोन्हीकडे वगळा. मी एकदा १२ तारखेपर्यंतचा आलेख दाखवला, रेष धाडकन खाली. साहेबांनी खुशीत सगळ्यांना भडंग मागवलं, आणि ते संपल्यावर माझ्या लक्षात आलं.