ब्रिटनची पितृत्व रजा: व्यावसायिक फुटबॉलपटूला ती कितपत पुरते?

मूल जन्माला आल्यावर ब्रिटनमधील नोकरदार बापाला कायद्याने जी दोन आठवड्यांची रजा मिळते, तिचे हे परीक्षण आहे. इंग्लंडमध्ये नोकरी करताना मी स्वतः ती घेतली आहे आणि तिचा उपयोगही अनुभवला आहे. तरीही इथे तिची पारख मी माझ्या कार्यालयीन नोकरीवरून न करता व्यावसायिक फुटबॉलपटूच्या नोकरीवरून करणार आहे, कारण ऑगस्ट ते मे असा दहा महिने चालणारा हंगाम, आठवड्यात कधी एक तर कधी दोन सामने आणि जागा टिकवण्याची रोजची चढाओढ असलेल्या या नोकरीत जी रजा उपयोगी ठरते, ती कुठेही उपयोगी ठरेल. इंग्लंडमधील फुटबॉलच्या पहिल्या श्रेणीतला, म्हणजे प्रीमियर लीगचा खेळाडू कितीही श्रीमंत असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो क्लबचा नोकरदार आहे आणि ही रजा जितकी बसचालकाची तितकीच त्याचीही आहे. माझे मत आधीच सांगतो: हंगाम ऐन भरात असला तरी खेळाडूने ही रजा घ्यावी, आणि पूर्ण घ्यावी.

रजेची व्यवस्था वापरायला सोपी आहे. 2003 पासून ती अस्तित्वात आहे आणि 6 एप्रिल 2024 पासून तिचे नियम बरेच सैल झाले आहेत. पूर्वी दोन्ही आठवडे सलग घ्यावे लागत आणि तेही जन्मानंतरच्या आठ आठवड्यांच्या आत. आता ते वेगवेगळे घेता येतात आणि त्यासाठी बाळ वर्षाचे होईपर्यंत मुदत मिळते. प्रसूतीच्या अपेक्षित आठवड्याच्या पंधरा आठवडे आधी मालकाला कल्पना द्यायची आणि प्रत्येक रजेच्या तारखा अठ्ठावीस दिवस आधी कळवायच्या, एवढेच करायचे असते. त्यासाठी ‘एससी-थ्री’ नावाचा अर्ज आहे. त्यात अपेक्षित तारीख, रजा कधीपासून हवी आणि किती हवी, असे मोजके प्रश्न असतात, आणि शेवटी एक निवेदन असते, ज्यात या मुलाच्या संगोपनाची जबाबदारी माझ्यावर राहील आणि आईला आधार देण्यासाठी किंवा बाळाची देखभाल करण्यासाठी मी ही रजा घेत आहे, असे आपण लिहून देतो. सही करताना मी त्या ओळींपाशी थांबलो होतो. कुठलेही वैद्यकीय कागद न मागता, बापाच्या शब्दावर विश्वास ठेवून दिलेली ही रजा आहे, हे मला फार मोलाचे वाटले.

आता हाच अर्ज एखाद्या फुटबॉलपटूने भरायला घेतला, तर काय होते ते पाहू. पहिली अडचण पात्रतेची होती. प्रसूतीच्या अपेक्षित आठवड्याआधीचा पंधरावा आठवडा संपताना त्याच मालकाकडे सलग सव्वीस आठवडे नोकरी झालेली असावी, अशी अट या रजेला सुरुवातीपासून एप्रिल 2026 पर्यंत होती. कार्यालयात वर्षानुवर्षे एकाच खुर्चीत बसणाऱ्याला ती जाचत नसे. फुटबॉलमध्ये मात्र क्लब बदलणे हा धंद्याचाच भाग आहे. 1 ऑगस्टला नव्या क्लबशी करार केलेल्या खेळाडूचे सव्वीस आठवडे जानेवारीच्या अखेरीस भरतात, त्यापुढे पंधरा आठवडे मोजले की आपण मेच्या मध्याशी येतो, आणि तोवर हंगाम संपत आलेला असतो. म्हणजे उन्हाळ्यात क्लब बदललेल्या खेळाडूच्या घरी त्या हंगामात केव्हाही पाळणा हलला, तरी कायद्याने त्याचा रजेवर हक्कच नसे. जानेवारीत बदली झालेल्याची गत याहून वाईट होती. वास्तविक आधाराची सर्वांत जास्त गरज याच कुटुंबाला असते, कारण नवे शहर, नवे डॉक्टर, ओळखीचे कोणी नाही आणि बऱ्याचदा भाषाही परकी. सरकारने जाहीर केलेल्या वेळापत्रकानुसार एप्रिल 2026 पासून रजेसाठी ही अट उरत नाही, मात्र रजेच्या काळातील सरकारी दराच्या पगारासाठी ती कायम राहते. हा बदल ज्यांच्या आयुष्यात खरोखर फरक पाडेल, त्यांत फुटबॉलपटूंची कुटुंबे नक्की असतील.

मराठी वाचकाला परक्या शहराचा मुद्दा वेगळा समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना आईच्या हाताखाली आणि बाप बारशाला हजर, अशी रीत होती, त्यामुळे बापाच्या रजेचा प्रश्नच फारसा उठत नसे. लेस्टरला किंवा लंडनला राहणाऱ्या मराठी जोडप्याकडे आजी डिंकाचे लाडू घेऊन व्हिसावर येते खरी, पण ती नेमकी वेळेवर पोहोचेलच असे नाही. मँचेस्टरमध्ये खेळणाऱ्या ब्राझिलियन किंवा सेनेगाली खेळाडूच्या घरची स्थिती याहून निराळी नसते. पैशाने दाई ठेवता येते, मोठे घर घेता येते, पण शस्त्रक्रियेनंतर उठता न येणाऱ्या बायकोला रात्री तीन वाजता जो माणूस हवा असतो, तो पगारी नसतो.

रजेचे दोन भाग करण्याची 2024 ची सोय फुटबॉलपटूसाठी सर्वांत कामाची आहे, आणि तिच्या गैरवापराची भीतीही इथेच आहे. एक आठवडा जन्मानंतर लगेच आणि दुसरा आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी लीग थांबते त्या विश्रांतीत, म्हणजे सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर किंवा मार्चमध्ये घेतला, तर राष्ट्रीय संघात नसलेल्या खेळाडूचे एक-दोनच सामने हुकतात. माझ्या मते ही चांगली वाटणी आहे. पण वर्षभराची मुदत हाती आहे म्हटल्यावर क्लब सहज म्हणू शकेल की दोन्ही आठवडे जूनमध्ये घे, तेव्हा तसेही सामने नसतात. हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. व्यावसायिक खेळाडूच्या करारात वर्षाला पाच आठवड्यांची भरपगारी सुट्टी असतेच आणि ती कधी घ्यायची हे मुख्यतः क्लब ठरवतो. पितृत्व रजा त्याच सुट्टीत मुरवली, तर खेळाडूच्या पदरात नवे काहीच पडत नाही. शिवाय सप्टेंबरमध्ये जन्मलेले बाळ जूनमध्ये रांगत असते. अर्जावर ज्या आधारासाठी सही केली, त्या आधाराची वेळ तोपर्यंत कधीच टळून गेलेली असते.

संघाचे नुकसान होते का, हा प्रश्न प्रेक्षक विचारतात आणि तो विचारण्याचा त्यांना अधिकार आहे, कारण हंगामाचे तिकीट ते स्वतःच्या खिशातून काढतात. त्याचे उत्तर खेळाच्या इतिहासातच आहे. डिसेंबर 2017 मध्ये मँचेस्टर सिटीच्या डेव्हिड सिल्वाचा मुलगा मातेओ अतिशय अपुऱ्या दिवसांचा जन्मला. पुढचे काही महिने सिल्वा स्पेनमधील रुग्णालय आणि मँचेस्टर यांच्यात ये-जा करत राहिला आणि व्यवस्थापक पेप ग्वार्दिओला यांनी त्याला हवे तेव्हा जाण्याची मोकळीक दिली. सिल्वाचे काही सामने हुकले, तरीही सिटीने त्या हंगामात 100 गुण मिळवून विजेतेपद पटकावले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, रशियातील विश्वचषकादरम्यान फेबियन डेल्फ तिसऱ्या मुलीच्या जन्मासाठी इंग्लंडला परतला. व्यवस्थापक गॅरेथ साउथगेट यांनी त्याला जाऊ दिले, कोलंबियाविरुद्धचा बाद फेरीचा सामना त्याच्याविना पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकला गेला आणि डेल्फ परत येऊन स्पर्धेत पुन्हा खेळला. विश्वचषकाची बाद फेरी थांबू शकत असेल, तर नोव्हेंबरमधला साधा लीग सामना का थांबू नये?

यापेक्षाही साधा हिशोब असा आहे. हिंसक वर्तनासाठी लाल कार्ड मिळालेला खेळाडू तीन सामने बाहेर बसतो. मांडीच्या मागचा स्नायू ताणला गेला तर तो तितकाच किंवा अधिक काळ बाहेर राहतो. पंचवीस जणांची नोंदणीकृत यादी आणि तिच्याबाहेरचे एकवीस वर्षांखालील तरुण क्लब याच प्रसंगांसाठी सांभाळतो. दुखापत सांगून येत नाही, बाळ मात्र कित्येक महिने आधी सांगून येते. ज्या व्यवस्थापकाला इतक्या आधी मिळालेल्या सूचनेवर दोन आठवड्यांची सोय करता येत नाही, त्याच्या नियोजनाविषयी प्रश्न विचारले पाहिजेत, खेळाडूच्या निष्ठेविषयी नव्हे.

हा वाद आपण क्रिकेटमध्ये पाहिलेला आहे. 1976 च्या फेब्रुवारीत मुलगा रोहनचा जन्म झाला, तेव्हा सुनील गावसकर न्यूझीलंड आणि वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये मुलगी झाली, तेव्हा अजिंक्य रहाणे विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी खेळत होता. 2020 मध्ये ॲडलेडला भारताचा डाव 36 धावांत आटोपल्यानंतर विराट कोहली ठरल्याप्रमाणे रजेवर गेला, तेव्हा त्याच्यावर टीकेची झोड उठली. त्याच मालिकेत रहाणेने मेलबर्नला 112 धावांची खेळी केली, भारताने मालिका 2-1 अशी जिंकली आणि ती टीका हळूहळू विरली. संघ जिंकला म्हणून कोहलीची रजा योग्य ठरली, असे मी म्हणणार नाही. मालिका हरलो असतो तरी ती योग्यच होती.

पैशाच्या बाबतीत ही रजा खालच्या थरात उघडी पडते. 2025-26 साठी तिचा सरकारी दर आठवड्याला 187.18 पौंड किंवा सरासरी कमाईच्या 90 टक्के, यांपैकी जे कमी असेल ते, इतका होता. प्रीमियर लीगच्या खेळाडूला या रकमेने काही फरक पडत नाही. चौथ्या श्रेणीत, म्हणजे लीग टूमध्ये, चित्र वेगळे आहे. तिथे कराराची मुदत थोडी, मूळ वेतन बेताचे आणि मैदानात उतरल्यावर मिळणारा भत्ता हा घरखर्चाचा भाग असतो. दोन सामने हुकले की भत्ता गेला, आणि क्लबने उदारपणे पूर्ण वेतन चालू ठेवले नाही, तर गृहकर्जाच्या हप्त्याच्या महिन्यात हाती सरकारी दराचे आठवडे उरतात. ब्रिटिश संसदेच्या महिला व समानता समितीने जून 2025 मध्ये या रजेवर केलेली कठोर टीका याच दारिद्र्यावर बोट ठेवणारी होती. माझ्या परीक्षणात रजेचे सर्वाधिक गुण इथेच कापले जातात.

उरलेले गुण कापले जातात ते मागण्याच्या पद्धतीसाठी. कायदा म्हणतो की रजा मागितली म्हणून कोणाला त्रास देता येणार नाही. कार्यालयात हे संरक्षण पुष्कळ आहे. माझ्या वेळी ‘दोन्ही आठवडे आत्ताच हवेत का?’ असे एका वरिष्ठांनी हसत हसत विचारले होते, मी होकार दिला आणि विषय तिथेच संपला. फुटबॉलपटूचा विषय तिथे संपत नाही. दर शनिवारी अकरा नावांची यादी लागते. रजेवरून परतलेल्याचे नाव त्या यादीत दिसले नाही, तर ते कामगिरीमुळे की रजेमुळे, हे कोणते न्यायाधिकरण ठरवणार? त्याच्या जागी खेळलेल्या तरुणाने दोन गोल केले असतील तर प्रश्नच मिटला. करार संपत आलेला तिशीतला बचावपटू हे सगळे जाणतो आणि म्हणून तो मागतच नाही. मंगळवारी बाळ, गुरुवारी सराव, शनिवारी सामना, आणि मग समालोचक त्याच्या जिगरीचे कौतुक करतात. त्या कौतुकाने दुसऱ्या दहा जणांची मागण्याची हिंमत जाते.

यावरचा उपाय अन्यत्र लिहिला गेलेला आहे. स्पेनमध्ये 2021 पासून वडिलांना आईइतकीच म्हणजे सोळा आठवड्यांची रजा मिळू लागली आणि त्यांतले जन्मानंतरचे पहिले सहा आठवडे सक्तीचे ठेवले गेले. खुद्द फुटबॉलमध्येही फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने 2024 मध्ये महिला खेळाडूंसाठी नियम वाढवले, त्यानुसार जोडीदार स्त्रीने मूल जन्माला घातले तर खेळाडूला किमान आठ आठवड्यांची रजा मिळते. पुरुष खेळाडूंसाठी फिफाच्या नियमांत अशी किमान रजा नाही. एकाच क्लबच्या महिला संघातील खेळाडूला आठ आठवडे आणि पुरुष संघातील खेळाडूला दोन, तेही मागितले तर, या तफावतीचे समर्थन मला कोणत्याही बाजूने करता येत नाही. लीगने आपल्या प्रमाणित करारातच जन्मानंतरचा पहिला आठवडा आपोआप, पूर्ण वेतनासह आणि हमखास भत्त्यासह लिहून टाकला, तर कोणालाही व्यवस्थापकाच्या दारात उभे राहावे लागणार नाही. 1907 पासून खेळाडूंसाठी भांडणारी त्यांची संघटना, पीएफए, हे कलम लीगच्या बैठकीत मांडू शकते.

तोपर्यंत आहे ती रजा वापरावी, अशी माझी शिफारस आहे. ज्याच्या घरी हंगामात बाळ येणार आहे, त्याने पंधरा आठवड्यांची तारीख चुकवू नये, पहिला आठवडा जन्माला जोडूनच मागावा आणि दुसऱ्यासाठी जूनची तारीख लिहू नये. संघात ज्याचे स्थान पक्के आहे, त्या कर्णधाराने आणि नावाजलेल्या खेळाडूने तर ती उघडपणे घ्यावी आणि क्लबने अनुपस्थितीचे कारण ‘किरकोळ दुखापत’ न सांगता पितृत्व रजा असेच जाहीर करावे, म्हणजे लीग टूमधल्या त्या बचावपटूला आपल्या व्यवस्थापकापुढे ठेवायला एक ताजे उदाहरण मिळेल.