गंजाचा रंग खरा दाखवणारी टॉर्च

पाडायला काढलेल्या पुलाचे रात्री फोटो काढायचे म्हटलं की मंडळी लेन्स आणि ट्रायपॉडवर तासभर बोलतात, आणि टॉर्च घरात असेल ती उचलतात. मला हे कधी पटलं नाही. वापर बंद झालेल्या पुलावर दिवे नसतात. अमावस्येच्या आसपास गेलात तर उजेड तुम्हीच न्यायचा. म्हणून हा रिव्ह्यू टॉर्चचा. माझी मुठीत मावणारी, १८६५० सेलवर (बोटाएवढ्या, पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम सेलवर) चालणारी, ४००० केल्विनची (म्हणजे ना फार पिवळट, ना निळसर उजेडाची) आणि ९५ सीआरआयची आहे.

सीआरआय म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, जास्तीत जास्त १००. गोम अशी की ही सरासरी आठ फिकट रंगांवरून काढतात. गडद लाल त्यात धरतच नाहीत, तो 'आर९' म्हणून वेगळा मोजतात. जुन्या लोखंडी पुलावर तर सगळा कारभार लाल-तपकिरीचाच! स्वस्त, भगभगीत पांढऱ्या टॉर्चचा आर९ बऱ्याचदा शून्याच्याही खाली असतो. तिच्या उजेडात गंजलेला गर्डर शेवाळलेल्या सिमेंटसारखा दिसतो. मग घरी येऊन व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तोल) कितीही ओढा. जो लाल उजेडातच नव्हता तो फोटोत कुठून येणार?

या टॉर्चमध्ये वरच्या रंगाचे पापुद्रे, खालचा शेंदरी प्रायमर आणि त्याखालचा गंज असे तिन्ही थर वेगळे कळतात. पूल पाडल्यावर हे पुन्हा बघायला मिळणार नाही, त्यामुळे माझ्या लेखी हाच मुद्दा सगळ्यात मोठा.

कॅमेऱ्याचं सेटिंग: एफ/८, आयएसओ १००, बल्ब मोड (शटर हवा तितका वेळ उघडं राहतं तो). शटर उघडं ठेवून बाजूला जायचं आणि झोत लोखंडाला जवळजवळ घासत न्यायचा. मग प्रत्येक रिव्हेटची (लोखंड जोडणाऱ्या खिळ्याची) सावली पडते, गसेट प्लेटची (सांध्यावरच्या जोडपत्र्याची) जाडी कळते. कॅमेऱ्याशेजारून मारलेला उजेड सगळं सपाट करतो.

आता तक्रारी. टर्बो मोड (सगळ्यात प्रखर उजेडाचा) निव्वळ जाहिरातीपुरता: टॉर्च तापली की उजेड आपोआप उतरतो आणि एकाच फ्रेमचा अर्धा भाग मंद येतो. मधल्या मोडवर मात्र तो स्थिर राहतो. झोत पसरट आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई, त्यामुळे नदीतल्या लांबच्या पिलरवर ही टॉर्च हात टेकते. बटणातला हिरवा दिवा तर डोकेदुखीच. लाँग एक्सपोजरमध्ये त्याची हिरवी रेघ उमटते. त्यावर काळी चिकटपट्टी लावा.

परवानगी काढून गेलात तरी पाय बघून टाका. पाडकामाआधी डेकच्या (पुलावरच्या चालायच्या भागाच्या) प्लेट काढलेल्या असू शकतात. चालण्यासाठी डोक्याला वेगळा दिवा हवाच, ही टॉर्च हातात फोटोपुरती. लांबून अख्खा पूल उजळायचा असेल तर हिच्यावर पैसे घालू नका. जवळ जाऊन सांधे, रिव्हेट, गंज टिपायचा असेल तर जरूर घ्या, फक्त आर९चा आकडा विचारून घ्या. दुकानदाराला तो सांगता आला नाही तर दुसरी बघा.