हवा-मापक आणि धुळीची पूर्वसूचना : दोन घरांतील वापरानंतरचा अनुभव

मे महिन्यात बिकानेरला आंधी आली, त्या संध्याकाळी ताईच्या ओट्यावर धुळीचा जाड थर बसला होता आणि मी नाशिकहून पाठवलेल्या हवा-मापकावर पीएम १० चा, म्हणजे हवेतील दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आकडा दुपारच्या मानाने जेमतेम वाढला होता. दाजींना दमा आहे, म्हणूनच यंत्रासोबत ॲपवरील धुळीच्या पूर्वसूचनेची वार्षिक वर्गणीही मी भरली होती. त्या दिवशी सूचनाही आली नाही. ग्राहक सेवेने ‘सेन्सर पुसून घ्या’ एवढे सांगितले आणि तक्रार परस्पर बंद केली.

पुसण्याने हा दोष जाणारा नाही. या किमतीची यंत्रे लहान पंख्याने हवा ओढतात, तिच्यावर लेझरचा झोत टाकतात आणि कणांमुळे विखुरणारा प्रकाश मोजतात. बारीक कण त्यांना चांगले टिपता येतात. अडीच मायक्रॉनपेक्षा मोठे कण मात्र बरेचसे निसटतात आणि पडद्यावरचा पीएम १० मुख्यतः बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. माझ्या गंगापूर रोडवरील घरातले दुसरे यंत्र दिवाळीच्या फटाक्यांचा धूर अचूक पकडते, याचे कारण हेच. (पावसाळ्यातील दमट हवेत तेही आकडा फुगवून दाखवते.) थरच्या वाळवंटातील धुळीत बहुतेक वजन जाड कणांचे असते, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले नेमके तेच यंत्राला नीट दिसत नाही. खोक्यावर पीएम १० ठळक छापणाऱ्या कंपनीने ही मर्यादा तेथेच लिहायला हवी होती, आणि याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही.

पूर्वसूचनेबद्दल मात्र माझे मत जून महिन्यात बदलले. पश्चिमेकडून दूरवरून वाहत येणारी धूळ ॲपने दोन दिवस आधी सांगितली, ताईने खिडक्या लावून घेतल्या आणि दाजी घरातच थांबले. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानच्या बाजूने येऊन मुंबईचे आकाश मळवणारी धूळ याच जातीची होती. मे महिन्यातील आंधी वेगळी असते. वादळी ढगातून कोसळणारा थंड वारा जमिनीवर पसरतो, धुळीची भिंत उभी करतो आणि थोड्या वेळात ओसरतो. ॲपचा अंदाज ज्यावर उभा आहे त्या जागतिक प्रारूपाला, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरच्या चौकटींत हवेचे गणित मांडणाऱ्या संगणकी नमुन्याला, तो सापडणे कठीण. अशा वेळी हवामान विभागाचा पुढील तीन तासांचा इशाराच पाहावा. ॲपमधील हवा निर्देशांकावरही विसंबू नये, कारण आपल्याकडे धूलिकणांचा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढतात आणि तासाभराची आंधी त्या सरासरीत विरून जाते.

राहिला वर्गणीचा प्रश्न. ॲपच्या माहिती-पानावर धुळीच्या अंदाजाचा स्रोत म्हणून युरोपच्या कोपर्निकस या वातावरण-निरीक्षण सेवेचे नाव आहे. ही सेवा उपग्रहांची निरीक्षणे प्रारूपात मिसळून पुढील पाच दिवसांचे धुळीचे नकाशे संकेतस्थळावर सर्वांना विनामूल्य देते. तेच नकाशे मराठी सूचनांच्या वेष्टनात घालून वर्षभराचे पैसे घेणे मला पटत नाही. मी वर्गणी पुढे चालू ठेवलेली नाही. नकाशा मी रोज सकाळी नाशिकहून पाहतो आणि गरज असेल तेव्हा ताईला फोन करतो. शहरातील धुरासाठी यंत्र अवश्य घ्यावे. राजस्थानातील नातेवाइकांसाठी घेऊ नये.