एसीची उन्हाळी तयारी: घरी, मेकॅनिककडून की वार्षिक करारावर?

सोलापुरात गड्डा, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा, उठला की ऊन चढायला लागतं. होम मैदानावरचे पाळणे उतरले की मी एसीकडे बघतो, कारण रंगपंचमीपर्यंत थांबलं तर मेकॅनिक फोनच उचलत नाही. घरीच धुवायचा, ओळखीच्या मेकॅनिकला बोलवायचं, की कंपनीचा वार्षिक करार घ्यायचा? मी तिन्ही करून बसलोय.

घरी

आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. टॉवेलचा तंतू दिवसभर हवेत तरंगतो. एप्रिलमध्ये पंधरा दिवसांनी फिल्टरची जाळी काढली की तिच्यावर राखाडी पापुद्रा बसलेला असतो, नखाने उचलला तर अख्खा निघतो. त्याच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. जाळी नळाखाली धरा, सावलीत वाळवा, बसवा. आतल्या युनिटमध्ये पाणी साठतं त्या ट्रेमध्ये हळूच तांब्याभर पाणी ओतून बाहेरच्या नळीतून ते पडतंय का बघा. नळी तुंबली की मे महिन्यात पाणी भिंतीवरून घरात येतं. गच्चीवरच्या युनिटला टेकवलेल्या फळ्या, कबुतराचं घरटं हलवा.

मग २४ वर लावून वीस मिनिटं चालवा आणि आत जाणारी हवा व बाहेर येणारी हवा थर्मामीटरने मोजा. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक आला तर गाडी रुळावर आहे.

पण जाळीमागची कॉइल आणि ब्लोअरच्या पात्यांवरचा काळा चिकटा घरी निघत नाही. स्प्रेच्या बाटल्या मिळतात, वरवर बऱ्या वाटतात. मला तरी फरक दिसला नाही.

मेकॅनिक

जेट पंपाची सर्व्हिस यासाठीच. खाली पिशवी बांधून कॉइल आणि ब्लोअर धुतात. पहिलं पाणी शाईसारखं काळं येतं. गेल्या वर्षी मी एका एसीचे ६०० दिले. वेळ ठरवताना नळाला पाणी कधी येणार ते आधी बघा, कारण आपल्याकडे ते रोज येत नाही, आणि बोअरचं जड पाणी मारलं तर वाळल्यावर कॉइलच्या पातळ पत्र्यांवर पांढरा थर राहतो. जेट पत्र्यांवर सरळ मारायला सांगा. तिरका बसला की त्या दुमडतात. विजेचा बोर्ड झाकून घ्यायला लावा.

या पर्यायात खरी भानगड आहे ती गॅसची. सलग दोन उन्हाळे मला एकच वाक्य ऐकायला मिळालं, "मालक, गॅस कमी झालाय." दोन्ही वेळा भरला. तिसऱ्या वर्षी दुसरा मुलगा आला. त्याने आधी साबणाचा फेस केला आणि बाहेरच्या युनिटच्या पितळी नटाला लावला. बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. नट घट्ट केला, व्हॅक्यूम मारला म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढली, गॅस वजन करून भरला. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही; कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि मळकी कॉइलही गॅस कमी असल्यासारखीच लक्षणं दाखवते, म्हणून आधी धुणं, मग गॅसचा दाब मोजायचं गेज.

वार्षिक करार

यात दोन प्रकार येतात. एकात वर्षाच्या ठरावीक सर्व्हिस मिळतात, सुटे भाग तुमच्या खिशातून. दुसऱ्यात भाग आणि गॅसही धरतात, साहजिकच महाग. पहिला प्रकार मला घरच्या एका एसीसाठी पटत नाही. आपण तो चालवतो मार्च ते जून, पावसाळ्यातल्या सर्व्हिसचं काय लोणचं घालायचं? शिवाय ऐन एप्रिलमध्ये करारवाल्यांनाही रांग असतेच. माझी तक्रार नोंदवल्यावर माणूस आला सहाव्या दिवशी, तोवर आम्ही गच्चीवर पाणी मारून झोपलो.

दुसरा प्रकार इन्व्हर्टर एसीला विचारात घ्यावा, कारण त्याचा पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेला तर मोठा फटका बसतो. सही करण्याआधी पीसीबी आणि गॅस करारात लिहिलेत का, हे वाचा. तोंडी "सगळं येतं" चालत नाही.

कुणी काय घ्यावं

एसी वॉरंटीत असेल तर गॅसच्या लाइनला बाहेरच्या माणसाचा पाना लागू देऊ नका, नंतर कंप्रेसरच्या दाव्यात वाद होतो. धुण्यापुरता मेकॅनिक चालेल का, हेही कंपनीलाच विचारा. वॉरंटी संपलेला साधा एसी असेल तर फेब्रुवारीत एक जेट सर्व्हिस आणि दर पंधरवड्याला घरी जाळी, एवढं पुरतं. मी हेच करतो. दोन-तीन इन्व्हर्टर एसी असतील आणि घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल, तर भागांसकटचा करार घ्या, पण फेब्रुवारी संपायच्या आत पहिली सर्व्हिस करून द्याल का, हे विचारूनच पैसे भरा.