हायड्रोजन मोटार बाजारात आणताना: आधी घरगुती ग्राहक की आधी ताफा?

हायड्रोजनवर चालणारी फ्युएल सेल मोटार (गाडीतच हायड्रोजनपासून वीज तयार करून तिच्यावर धावणारी) बाजारात आणू पाहणाऱ्या कंपनीपुढे मुख्यतः दोन मार्ग असतात आणि दोन्हींचा अनुभव आता दहा वर्षांचा झाला आहे. पहिला मार्ग टोयोटाने कॅलिफोर्नियात अवलंबला: गाडी थेट कुटुंबांना विकायची आणि पंपांची संख्या हळूहळू वाढेल यावर भिस्त ठेवायची. दुसरा पॅरिसमधील हाइप या टॅक्सी कंपनीचा: गाड्या एकाच व्यावसायिकाच्या, पंप मोजके आणि रोजचा खप आधीच ठाऊक असलेला.

गाडी म्हणून पाहिले तर टोयोटाची मिराई उणी नव्हती. २०१४च्या डिसेंबरमध्ये ती जपानमध्ये आली आणि पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियात. दुसऱ्या पिढीच्या गाडीत ५.६ किलो हायड्रोजन मावतो आणि अमेरिकी सरकारी मोजणीनुसार तेवढ्यावर ती सुमारे ६४५ किलोमीटर जाते. इंधनखर्चाची धास्ती राहू नये म्हणून गाडीबरोबर १५,००० डॉलरपर्यंतचे इंधन मोफत देण्यात आले. मात्र किलोमागे १३ डॉलरच्या आसपास असलेला दर २०२३ मध्ये अनेक पंपांवर ३६ डॉलरवर गेला. हिशेब केला, तर जी रक्कम सव्वा लाख किलोमीटरहून अधिक पुरली असती, ती जेमतेम अठ्ठेचाळीस हजार किलोमीटरमध्ये संपते. ते इंधन संपले की टाकी भरायला दर वेळी सुमारे दोनशे डॉलर मोजायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेल या तेल कंपनीने कॅलिफोर्नियातील मोटारींसाठीचे आपले सातही हायड्रोजन पंप बंद केले, तेव्हा ज्यांच्या घराजवळ दुसरा पंप नव्हता त्यांची गाडी दारात असूनही निरुपयोगी झाली.

येथे पंपाचे काम कसे चालते हे जवळून पाहायला हवे, कारण व्यवसायाचे गणित तेथेच बिघडते. ७०० बार, म्हणजे हवेच्या सुमारे सातशे पट, दाबाने वायू भरताना टाकी तापू नये म्हणून तो उणे ४० अंशांच्या आसपास थंड करून सोडला जातो. एकामागून एक गाड्या आल्या की भरणीची नळी हवेतील बाष्पाने गोठून गाडीला चिकटते, आणि साठ्यातील दाब उतरल्यामुळे कॉम्प्रेसरने तो पुन्हा चढवेपर्यंत पुढच्याला थांबावे लागते. पाच मिनिटांत टाकी भरते हे खरे आहे, पण रांगेतल्या चौथ्या माणसासाठी ते खरे राहीलच असे नाही. घरगुती ग्राहक सुटीच्या आदल्या संध्याकाळी एकदमच येतात. ताफ्याच्या गाड्यांना मात्र वेळा नेमून देता येतात.

ताफ्याच्या मार्गाचा खरा फायदा हाच आहे. हाइपने डिसेंबर २०१५ मध्ये, पॅरिस हवामान परिषदेच्या वेळी, ह्युंदाईच्या पाच गाड्यांनी सुरुवात केली आणि पुढे तो ताफा शेकड्यांवर गेला. पंप उभारणाऱ्याला गिऱ्हाईक बांधलेले मिळाले आणि टॅक्सीवाल्याला पंपाची खात्री मिळाली. तरीही २०२५ मध्ये याच कंपनीने बॅटरीवरच्या गाड्यांकडे वळण्याचे जाहीर केले, ही गोष्ट निर्णय घेणाऱ्याने दडवून ठेवू नये. ताफ्यामुळे पंपाचा प्रश्न सुटतो, इंधनाच्या दराचा सुटत नाही. विजेपासून हायड्रोजन तयार करून, दाबून, गाडीत पुन्हा त्याची वीज करेपर्यंत मूळ विजेचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बॅटरीत तो त्याच्या दुपटीहून अधिक पोचतो.

असे असूनही माझा कौल ताफ्याच्याच बाजूने आहे आणि त्याचे कारण नुकसानीच्या वाटणीत आहे. ताफा फसला तर करार केलेल्या दोन-तीन संस्थांना झळ बसते व त्या दुसरी गाडी घेऊन पुढे जातात. किरकोळ विक्री फसली तर ज्याने विश्वासाने कर्ज काढले त्या कुटुंबाला ती बसते, आणि त्यासोबत कंपनीचे नावही जाते.

भारतात आजवरची पावले बहुतांशी याच दिशेने पडली आहेत. पुण्यात केपीआयटी ही वाहन-तंत्रज्ञान कंपनी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांनी २०२० मध्ये मोटारीची चाचणी घेतली, पण २०२२ मध्ये लोकांपुढे आणली ती बस. लेहमध्ये एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने पाच बसगाड्यांसोबत १.७ मेगावॉटचा सौर प्रकल्प आणि पंपही स्वतःच उभारला. पण ताफ्याने दराचा प्रश्न सुटत नाही, म्हणून गाड्यांची संख्या ठरवण्याआधी इंधन पुरवठादाराकडून निदान पाच वर्षांचा किलोमागचा दर लेखी घ्यावा, आणि पंपावर दुसरा कॉम्प्रेसर कोणाच्या खर्चाने बसणार हे त्याच करारात नोंदवून घ्यावे.