जमिनीच्या मशागतीवरील ऑनलाइन बायबल अभ्यासवर्ग : एक अभिप्राय
या अभ्यासवर्गाचे खरे बळ पहिल्या भागात आहे. बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात मानवाला एदेन बागेची मशागत व राखण करण्यासाठी ठेवले जाते, तर घाम आणि काटेकुसळे तिसऱ्या अध्यायातील आज्ञाभंगानंतर येतात, म्हणून शेतीचे श्रम मुळात शिक्षा नव्हेत, हे शिक्षकांनी वचने समोर ठेवून पटवून दिले. बायबलमधीलच ‘लेवीय’ या पुस्तकाच्या २५व्या अध्यायातील, सातव्या वर्षी जमिनीला द्यावयाच्या विसाव्याचे विवेचनही कसदार आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायातील पेरणाऱ्याचा दाखला (वेगवेगळ्या जमिनींत पडलेल्या बियांची येशूची बोधकथा) मात्र घाईत उरकला, खडकाळ आणि काटेरी जमिनीतील फरक (दाखल्याचा अर्धा अर्थ तिथेच आहे!) उलगडलाच नाही. मराठी टिपणे नेटकी आहेत, परंतु शुल्क पाहता प्रश्नोत्तरांना अधिक वेळ हवा होता.