जॅग्वार एक्सके८च्या छताची हिरवी गळती: एक होज, जोडी की साही?

जॅग्वार एक्सके८ची कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडता-मिटता येणारी आवृत्ती १९९६ साली बाजारात आली आणि पुढे सुमारे एक दशक तिचे उत्पादन चालले. जॅग्वार कंपनी २००८ पासून टाटा मोटर्सकडे असली तरी ही गाडी त्याआधीच्या, फोर्डच्या काळातली आहे. कंपनीने भारतात अधिकृत विक्री २००९ साली सुरू केली. त्यामुळे ही गाडी आपल्याकडच्या रस्त्यांवर क्वचितच दिसते, आणि तिच्या दुरुस्तीचा प्रश्न मुख्यतः अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये जुनी एक्सके८ घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या मराठी माणसापुढे उभा राहतो. प्रश्न साधारण एकाच पद्धतीने समोर येतो: छत बंद होत असताना, पुढच्या काचेच्या चौकटीला ते टेकून कडी बसण्याच्या क्षणी, आरशाच्या वरून हिरवे तेल मांडीवर, गिअरच्या दांड्यावर आणि चामड्याच्या सीटवर पडते. त्यानंतर मालकाला ठरवायचे असते की फुटलेला एकच होज (छत हलवणारे तेल दाबाखाली वाहून नेणारी बारीक नळी) बदलावा, कडीकडे जाणारे दोन्ही बदलावेत, यंत्रणेतले साही बदलावेत, की यंत्रणेचा नाद सोडून छत हाताने लावावे.

निवड करण्यापूर्वी यंत्रणा समजून घेणे आवश्यक आहे, कारण होज का फुटतो हे कळल्याशिवाय कोणताही खर्च योग्य जागी पडत नाही. डिकीच्या अस्तरामागे एक विजेची मोटर, पंप आणि तेलाची टाकी असा एकत्र संच असतो. मोटर एका दिशेने फिरली की छत उघडते, उलट दिशेने फिरली की बंद होते. संचातून सहा बारीक होज निघतात: चार होज दोन्ही बाजूंच्या मोठ्या सिलिंडरांकडे जातात, तर दोन होज छताच्या सांगाड्यातून पार पुढे, आरशाच्या वर असलेल्या कडीच्या छोट्या सिलिंडरापर्यंत पोहोचतात. छत काचेवर टेकल्यावर हा छोटा सिलिंडर कडीचा आकडा (हूक) ओढून घट्ट करतो. आकडा शेवटापर्यंत गेल्यावरही मोटर क्षणभर जोर लावत राहते आणि तेलाला जायला जागा उरत नाही, म्हणून दाब यंत्रणेच्या कमाल मर्यादेला, म्हणजे सुमारे १,६०० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) किंवा ११० बारपर्यंत चढतो. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ पन्नास पट हा दाब होतो. छत उचलण्याच्या कामाला एवढ्या दाबाची गरज नसते. तो फक्त कडी बसल्यानंतर, काम झालेले असताना तयार होतो.

दुसरे कारण उष्णता आहे. कडीकडे जाणाऱ्या होजांची टोके पुढच्या काचेच्या अगदी वरच्या पट्टीत असतात. फ्लोरिडा, टेक्सास किंवा ॲरिझोनाच्या उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, आणि वरची पट्टीही उन्हाच्या थेट माऱ्यात असते. वर्षानुवर्षे असे तापून प्लास्टिकचा होज कडक आणि ठिसूळ होतो, आणि एखाद्या दिवशी कमाल दाबाला फिटिंगजवळ, म्हणजे टोकाच्या जोडाजवळ फुटतो. बाजूचे चार होज अशा उन्हात नसतात, म्हणून तेवढ्याच वयाचे असूनही ते पुष्कळ जास्त टिकतात. पुढच्या सगळ्या तुलनेत हा फरक लक्षात ठेवावा.

मात्र हिरवे तेल दिसले म्हणजे होजच फुटला, असे गृहीत धरू नये. आरशाजवळ गळती असेल तर दोष कडीच्या होजात किंवा कडीच्या सिलिंडराच्या सीलमध्ये, म्हणजे तेल अडवणाऱ्या वळ्यात असतो. मागच्या सीटच्या कडेला ओल असेल तर बाजूचे सिलिंडर किंवा त्यांचे होज पाहावेत, आणि डिकीच्या तळाशी तेल असेल तर पंपाच्या संचाकडे वळावे. सीलची गळती सहसा हळूहळू पाझरते आणि सिलिंडराच्या दांड्याभोवती तेलाची कड दिसते. फुटलेला होज मात्र एकाच वेळी बरेच तेल टाकतो आणि टाकीतली पातळी झपाट्याने उतरते. मर्सिडीजच्या १९८९ ते २००१ या काळातल्या आर१२९ एसएल गाडीत तर बहुतेक वेळा होज शाबूत असतात आणि सिलिंडरांचे जुने सील विरघळल्यासारखे मऊ होऊन गळतात. तिथे नवे होज आणणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. सिलिंडर काढून नव्या, चांगल्या सीलांसह पुन्हा बांधून घेणे हाच तिथला मार्ग आहे.

तपासताना एक खबरदारी अजिबात टाळू नये. यंत्रणा दाबाखाली असताना होजवर बोट फिरवून गळती शोधू नये. एवढ्या दाबाला सुईएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडीच्या आत शिरू शकते, आणि वरून किरकोळ दिसणारी ती जखम प्रत्यक्षात तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब ठरू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि अर्धवट उघडलेल्या छताखाली काम करताना त्याला भक्कम टेकू द्यावा, कारण दाब गेला की छत स्वतःच्या वजनाने खाली येते.

आता पर्यायांकडे. फुटलेला एकच होज बदलणे सर्वांत स्वस्त दिसते, आणि सामानाच्या पावतीपुरते ते खरेही आहे. पण कडीचा होज बदलण्यासाठी मागची सीट, बाजूचे पॅनल, डिकीचे अस्तर, पुढच्या पट्टीचे आवरण आणि सन व्हायझर काढावे लागतात. मग जुन्या होजच्या टोकाला भक्कम दोरी बांधून तो मागे ओढायचा आणि त्याच दोरीने नवा होज सांगाड्याच्या प्रत्येक सांध्यातून पुढे आणायचा, असे ते काम आहे. यात होजच्या किमतीपेक्षा मजुरी कितीतरी जास्त असते, आणि स्वतः करणाऱ्याचा अख्खा दिवस जातो. शेजारचा दुसरा होज त्याच वयाचा असून त्याच उन्हात तापलेला असतो. तो काही महिन्यांनी फुटला तर तेच सगळे काम पुन्हा करावे लागते. म्हणून एकच होज बदलण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. दुसरा होज नुकताच बदलल्याची खात्रीलायक पावती हातात असेल, तरच अपवाद करावा.

डिकीत किंवा सहज हात पोहोचेल अशा ठिकाणी होज कापून मध्ये जोड बसवणे, हा उपाय काही जण सुचवतात. प्रवासात अडकलेल्या माणसाला छत बंद करून घरी पोहोचण्यापुरता तो उपयोगी पडतो. पण ठिसूळ झालेल्या प्लास्टिकवर बसवलेला जोड ११० बारला किती दिवस तग धरेल याचा भरवसा नसतो, आणि मूळ फूट तर सहसा पुढच्या टोकाला असते, जिथे जोडाला जागाच नसते.

साही होज बदलावेत का, हा प्रश्न अधिक विचार करण्यासारखा आहे. मजुरी एकदाच पडते आणि पुढच्या अनेक वर्षांची काळजी मिटते, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. तो अर्धाच बरोबर आहे. बाजूच्या होजांसाठी सीट आणि पॅनल आधीच निघालेले असतात, त्यामुळे वाढीव मजुरी मर्यादित राहते हे खरे. पण कोरड्या, लवचीक आणि सावलीत राहिलेल्या होजांना हात लावल्याने फिटिंगच्या ओ-रिंग (जोडातली रबरी वळी) हलण्याचा आणि नवी गळती ओढवून घेण्याचा धोका असतो. गाडी आयुष्यभर गरम प्रदेशात उभी राहिली असेल, बाजूचे होज वाकवून पाहताना कडक लागत असतील किंवा त्यांच्या वेष्टनाला बारीक तडे दिसत असतील, तर सहाही बदलावेत. तसे नसेल तर कडीची जोडी बदलून बाकीचे चार पुसून कोरडे करावेत आणि त्यांच्यावर लक्ष ठेवावे, हे माझे मत आहे.

जोडी बदलायचे ठरले की कोणता होज घ्यावा हा प्रश्न येतो. मूळ बनावटीचा नवा होज घेतला तर तो हुबेहूब बसतो, लांबी मोजावी लागत नाही, फिटिंग जुळते. त्याचा दोष इतकाच की मूळ अडचण, म्हणजे दाब आणि उष्णता, तशीच राहते आणि काही वर्षांनी तो त्याच वाटेने जातो. दुसरा मार्ग म्हणजे जुन्या होजची टोके ठेवून त्यांवर जास्त क्षमतेचा नवा होज क्रिंप करून, म्हणजे यंत्राने दाबून पक्का बसवून घेणे. औद्योगिक वापराचा, आतून प्लास्टिक आणि त्यावर कृत्रिम धाग्याची वीण असलेला होज एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या १००आर७ या मानकानुसार मिळतो. त्याच्या ३/१६ इंच मापाचा कामाचा दाब ३,००० पीएसआय म्हणजे सुमारे २१० बार असतो, फुटण्याचा दाब त्याच्या चौपट धरलेला असतो आणि तापमानाची वरची मर्यादा ९३ अंश सेल्सिअस असते. एक्सके८च्या कमाल दाबापेक्षा ही क्षमता जवळजवळ दुप्पट आहे. अडचण जाडीची असते: छताच्या सांगाड्यातली वाट अरुंद आहे, त्यामुळे मूळ होजइतक्याच बाहेरील जाडीचा, गरज पडल्यास ३/१६ इंचाहूनही लहान मापाचा होज निवडावा लागतो. दुकानदार सहज हाती देतो तो पोलादी विणीचा पाव इंची होज बाहेरून साधारण १३ मिलिमीटर भरतो आणि तिथे शिरतच नाही. क्रिंप करणाऱ्याकडे फक्त लांबी सांगून जाऊ नये. दोन्ही जुने होज टोकांसह न्यावेत, आणि तयार झालेला होज गाडीत घालण्यापूर्वी त्याच्याकडूनच दाबावर तपासून घ्यावा.

महाराष्ट्रात एखादी परदेशी कन्व्हर्टिबल बाळगणाऱ्यालाही हा दुसरा मार्ग खुला आहे. भोसरीसारख्या एमआयडीसीच्या आसपास जेसीबी आणि कारखान्यांच्या यंत्रांसाठी होज क्रिंप करणारी दुकाने असतात आणि कारागीर हुशार असतात, पण त्यांचा रोजचा माल जाड असतो. बारीक होज आणि त्याच्या मापाचे क्रिंप डाय (दाबण्याचे साचे) आहेत का, हे आधी विचारावे, आणि काम जून उजाडण्यापूर्वी उरकावे. अर्धवट उघडलेल्या छतासह पावसात अडकलेल्या गाडीचे होजपेक्षा कितीतरी मोठे नुकसान होते.

होज कोणताही घेतला तरी दाब कमी करण्याचा विचार त्याच वेळी करावा, कारण माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणाचा गाभा तोच आहे. त्याचे दोन प्रकार प्रचलित आहेत. पंपाच्या संचात समायोज्य रिलीफ व्हॉल्व्ह बसवला की दाब ठरावीक मर्यादेला पोहोचताच तेल टाकीत परत वळते. या पद्धतीने दाब १,६०० वरून १,१०० पीएसआयच्या आसपास आणता येतो आणि कडी तरीही नीट बसते. दुसऱ्या प्रकारात मोटरच्या वायरीत जास्त क्षमतेचा रेझिस्टर, म्हणजे विजेच्या प्रवाहाला अडथळा करणारा भाग घालतात. मोटर अडली की ती सर्वाधिक करंट ओढते, आणि करंट जितका जास्त तितकी रेझिस्टरवर व्होल्टेजची घट जास्त, म्हणजे नेमक्या धोक्याच्या क्षणी मोटरचा जोर कमी होतो. रेझिस्टर स्वस्त आहे आणि तेलाच्या यंत्रणेला हात लावावा लागत नाही. पण तो तापतो, म्हणून अस्तरापासून दूर, धातूच्या पत्र्यावर घट्ट बसवावा लागतो, आणि थंडीत तेल घट्ट झाल्यावर किंवा बॅटरी दुबळी असताना छत रेंगाळते. रिलीफ व्हॉल्व्हला या बाबींचा फरक पडत नाही. बर्फाच्या प्रदेशात राहणाऱ्याने व्हॉल्व्हच निवडावा. गरम प्रदेशात, कमी खर्चात भागवायचे असेल तर रेझिस्टर पुरतो.

उरला हाताने छत लावण्याचा मार्ग. पंपावरचा दाब सोडण्याचा स्क्रू सैल करून छत हाताने हलवता येते आणि पुढची कडी गाडीच्या हत्यारांतल्या षटकोनी चावीने घट्ट करता येते. गाडी विकायची आहे, किंवा वर्षातून दोनदाच छत उघडले जाते, अशांना हे पुरेसे आहे. नेहमी छत उघडून फिरणाऱ्याला मात्र ते लवकरच जाचक वाटते, आणि खरेदीदारही बंद पडलेली यंत्रणा पाहून दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जास्त भाव पाडतो.

म्हणून गाडी ठेवायची असेल तर जास्त क्षमतेच्या होजांची जोडी आणि त्यासोबत रिलीफ व्हॉल्व्ह, हा संच मी निवडीन. सामानाचा खर्च मूळ होजांपेक्षा थोडा वाढला तरी पट्टी पुन्हा उघडण्याची वेळ येण्याची शक्यता सर्वांत कमी त्यातच आहे. तेल मात्र टाकीवर किंवा मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच भरावे. ब्रेकचे तेल भरल्यास खनिज तेलासाठी बनवलेले सील फुगून निकामी होतात, आणि रंग हिरवा आहे एवढ्यावरून दोन तेले सारखी ठरत नाहीत. होज बसवल्यावर पट्टीचे आवरण लगेच लावू नये. छत काही वेळा पूर्ण उघडून-मिटून हवा टाकीत परत येऊ द्यावी आणि दर फेरीनंतर पातळी पाहावी, तीही मॅन्युअल सांगते त्याच स्थितीत, कारण सिलिंडरांचे दांडे बाहेर असताना त्यांच्यात तेल जास्त मावते आणि टाकीतली पातळी कमी दिसते. प्रत्येक सांध्यावर होजला ताण पडत नाही आणि तो चिमटला जात नाही, हे छत अर्ध्यावर थांबवून डोळ्यांनी पाहावे. कडीभोवती पांढरा कागद गुंडाळून गाडी एक रात्र उभी ठेवावी. सकाळी कागद कोरडा असेल तर आवरण लावावे, ओला असेल तर आधी फिटिंगची ओ-रिंग आणि मगच सिलिंडराचे सील तपासावे.